बायकोच्या माहेरची पवनचक्की

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरांनी कान धरला, मी हिसडा देऊन कान सोडवला आणि त्याबरोबर शाळाही सुटली. घरच्यांनी पुष्कळ समजावलं. मी एकदा नाही म्हटलं की नाही. हे लिहितोय तेही माझं मीच लिहितोय. नात म्हणाली, आजोबा तुम्ही सांगा, मी टाइप करते. म्हटलं, राहू दे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं, तेवढंच त्याला काम.

आम्ही कसबा पेठेतले. तांबट आळीच्या पाठीमागे दोन खोल्या. दिवसभर तांब्यावर हातोडे पडायचे. पाहुणा आला की थोड्याच वेळात कपाळ दाबत बसायचा. आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही. सवय झाली की माणसाला पुष्कळ गोष्टी ऐकू येत नाहीत.

तरुणपणी टेम्पो चालवला. पहाटे मंडईत भाजी टाकायची आणि नऊच्या आत घरी येऊन झोपायचं. टेम्पो खिळखिळा झाला तेव्हा विकून टाकला आणि विश्रांतवाडीला एका कंपनीत जीपवर ड्रायव्हर लागलो. कंपनी पवनचक्क्या उभारायची. ऑफिस म्हणजे आळंदी रस्त्याच्या आत एक भाड्याचा बंगला. मागच्या आवारात वाहतुकीत चीर गेलेलं एक लांबलचक पातं आडवं पडलेलं होतं. त्याच्यावर कावळे बसायचे. मी नवीन होतो तेव्हा रोज त्याच्या कडेनं चालत जाऊन बघायचो, संपता संपायचं नाही. पुढे बघायचं सोडून दिलं.

सरकारनं सवलती दिल्या होत्या आणि ज्याच्याकडे चार पैसे होते त्याला पवनचक्की हवी होती. साताऱ्याच्या बाजूच्या पठारांवर सगळ्या कंपन्यांच्या जीपा फिरायच्या. आधी वारा मोजायचा उंच खांब रोवायचा. तो वर्षभर उभा. मग साहेब लोक नकाशावर ठिपके काढणार. मग जमीन, मग रस्ता, मग मशीन, मग तारा. मला वाटायचं यात मशीन उभं करणं सगळ्यात अवघड असेल. तसं नव्हतं. वारा कोणाच्या नावावर नसतो. पण तो ज्या खडकावरून जातो तो खडक सात-बाऱ्यावर कोणाच्या तरी नावावर असतो, आणि ते नाव बहुतेक वेळा मेलेल्या माणसाचं असतं.

मेलेल्या माणसाला मुलगे असतात आणि मुली असतात. मुलगे पठारावर, मुली लग्न होऊन कुठे कुठे गेलेल्या. कायद्यानं मुलींचाही हक्क. कंपनीचा वकील म्हणायचा, एका बहिणीची सही राहिली तरी आपण त्या जमिनीवर खिळा मारायचा नाही. आमच्याकडची रीत अशी, की बहीण बापाच्या जमिनीत हिस्सा मागत नाही. ती भावाला हक्कसोड लिहून देते, म्हणजे माझा हक्क मी सोडला असं कागदावर देते. त्याच्या बदल्यात तिचं माहेर राहतं. दिवाळीला भाऊबीज, उन्हाळ्यात चार दिवस, पोरांच्या लग्नात मामाचा आहेर. हा बदला कागदावर कुठे नसतो, पण सगळ्यांना पाठ असतो.

कंपनीनं आधी पत्रं पाठवली. मग टाय लावलेला माणूस पाठवला. बहिणी दार लावून घ्यायच्या. एकदा तो माणूस हडपसरला एका दारात ताटकळत उभा होता. मला तहान लागली होती म्हणून मी जीपमधून उतरलो आणि त्या बाईकडे पाणी मागितलं. तिनं पाणी दिलं. मी विचारलं, बाई, माहेर कुठलं? माहेर विचारलं की बाई बोलतेच. मग चहा झाला. तिनं सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणालो, "बाई, नुसता खडक आहे तो. कुसळ उगवत नाही. भावाचं भलं होतंय तर होऊ द्या. हिस्सा घेतलेल्या बहिणीला माहेर नसतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं?"

तिनं सही केली.

त्यानंतर साहेबांनी मला जीपवरून काढलं आणि जमिनीच्या कामाला लावलं. गावोगाव गेलो. पाणी, चहा, माहेर, आणि ते शेवटचं वाक्य. ते मी सावकाश म्हणायचो. एकही सही माझ्या हातून राहिली नाही. हे मी अभिमानानं सांगतो. कंपनीनं माझं कार्ड छापून दिलं, ते मी अख्ख्या आळीत वाटलं. कोपऱ्यावरचा बांगड्यांचा दुकानदार, आमच्या बापाच्या वेळेपासूनचा शेजारी, त्यानं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "वाऱ्याचे मालक झालात की! जरा आमच्या बोळात पण सोडा. इथे इतकं उकडतं, की घामानं गिऱ्हाईकाच्या हातात बांगडी आपोआप सरकते, तेल लावायला नको."

एका दुपारी साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला. साहेब म्हणजे पोरगाच होता, माझ्या मुलाच्या वयाचा, स्वभावानं बरा.

"काका, हे गाव माहितीये?"

मी वाकून बघितलं. पठाराची पश्चिमेची कड, तिच्यावर ओळीनं ठिपके. कडेचा एक ठिपका साहेबांनी बोटानं दाबून धरला होता.

"साहेब, ही माझी सासुरवाडी. आणि तुम्ही बोट ठेवलंय ते माझ्या सासऱ्याचं रान."

"काय सांगता! मग हे झालंच. सासरे आहेत?"

"वारले. मुलगा आहे एक."

"आणि बहिणी?"

"एकच."

"ती कुठे असते?"

"कसब्यात. माझ्या स्वयंपाकघरात."

साहेब इतका हसला की बाहेरच्या खोलीतली माणसं आत डोकावली. चहा मागवला. मी म्हणालो, सही झाली समजा. शब्द दिला. नवरा बायकोच्या वतीनं शब्द देतो ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती, आणि मला त्यात आजही वावगं वाटत नाही. पुढे काय झालं ते फक्त सांगतो.

त्याच आठवड्यात पठारावर गेलो. देवळात गाव जमलं. बाकीचे भाऊ कुरकुरत होते, आमच्या बहिणी ऐकतील का, कोण जाणे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, सगळ्यात आधी माझ्या घरची सही होईल, मग बाकीच्या बघा. माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, पुढे आला. त्याला घराचे पत्रे बदलायचे होते आणि मुलीचं लग्न दोन-चार वर्षांवर आलं होतं. त्यानं सगळ्यांसमोर मला फेटा बांधला.  नारळ दिला. मी फेटा न उतरवता पुण्याला आलो.

बायको मेथी निवडत बसली होती. तिच्यापुढे नारळ ठेवला आणि सगळं सांगितलं. ती निवडतच राहिली.

"कधी ठरलं?"

"आज. देवळात."

"कोण कोण होतं?"

"सगळं गाव होतं."

"मी नव्हते."

"तू कशाला हवीस? सही तालुक्याला व्हायची आहे, तेव्हा चल."

तिनं जुडीचे देठ एका बाजूला केले. "त्या पठारावरच्या किती बहिणींच्या दारात गेलात तुम्ही?"

"मोजत नाही बसलो."

"सगळ्यांना विचारलंत?"

"विचारल्याशिवाय कोण सही देतं?"

"मग मलाही विचारा की."

मला हसू आलं. म्हटलं, "बरं बाई, विचारतो. करणार का हक्कसोडीवर सही?"

"नाही," ती म्हणाली आणि मेथी धुवायला उठली.

मला आधी वाटलं, थट्टा आहे. मग वाटलं, राग आहे, उतरेल. चार दिवस गेले. मी बोलणं बंद केलं, तिनं ताट वाढणं बंद केलं नाही. शेवटी मीच विचारलं, तुला हवंय तरी काय? ती म्हणाली, "काही नको. पैसा सगळा त्याला द्या, मला छदाम नको. पंखा उभारा, मी आडवी येत नाही. पण मी सोडलं असं लिहायचं नाही. तो देतोय आणि मीपण देतेय, दोघं मिळून, असं लिहा. त्या बांधाचे निम्मे धोंडे माझ्या डोक्यावरून गेलेत. तो तेव्हा झोळीत होता. धोंडे टाकून आले की त्याला मी झोका द्यायची. असल्या वाऱ्यात झोका द्यावा पण लागायचा नाही, धरून ठेवावा लागायचा."

मी म्हटलं, "फरक काय पडतो? जमीन जायची ती जाणारच."

"मग पडत नाही ना फरक? तर लिहा मी म्हणते तसं."

आता वाचणाऱ्याला वाटेल, मग लिहायचं तसं. पण गावातल्या प्रत्येक बहिणीनं हक्क सोडला आणि एकीचंच नाव भावाच्या शेजारी खरेदीखतावर आलं, की गाव एकच म्हणतं, हिनं हिस्सा घेतला. पैसा घेतला नाही हे कोण घरोघर सांगत फिरणार? आणि हिस्सा घेणाऱ्या बहिणीचं पुढे काय होतं हे पठाराला मीच शिकवत होतो. म्हणजे तिचं माहेर जाणार, हे मला कळत होतं. तिलाही कळत होतं. मी तसं बोललोही. ती म्हणाली, "भाऊ माझा आहे. तो गावाचं ऐकतो का माझं, ते बघू."

मेहुणा पुण्याला आला. पिशवीत नाचणीचं पीठ आणि तुपाची बरणी. पाय धुऊन बसला. बायको त्याच्याशी बोलायला लागली की तिची भाषा आपोआप पठारावर जायची, पुण्याची राहायची नाही.

तो म्हणाला, "आक्का, समद्या भनींनी सोडलं. तूच येकटी का म्हून आडून बसलीस?"

"आडून कुठं बसलीया? पैका तुझाच हाय. मी पैशाला हात लावनार न्हाय."

"पैशाचं न्हाय गं. गाव म्हनंल भनीनं हिस्सा घेतला."

"म्हनू दे."

"तुझं बरं हाय, तू हितं पुन्यात. मला तितं ऱ्हायचं हाय. आन् हिस्सा घेतल्याल्या भनीला म्हायार नसतं. ह्ये मी म्हनत न्हाय, ह्ये दाजीच सांगत फिरत्यात."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात चहा होता. मी चहा प्यायलो.

बायको म्हणाली, "गावाचं ऱ्हाऊ दे. तुला काय वाटतं, त्ये सांग."

तो दाराकडे सरकला आणि चपलेचा अंगठा नीट करत बसला. मग म्हणाला, "पाचची यष्टी हाय." आणि उठला. तिनं त्याच्या पिशवीत लसणाची चटणी बांधून घातली. तो पिशवी घेऊन गेला.

मला साहेबांना काही सांगता येईना. बायको ऐकत नाही, हे वाक्य माझ्या तोंडातून मेलो तरी बाहेर पडलं नसतं. साहेब विचारायचा, "काका, तुमच्या घरची सही?" मी म्हणायचो, होतेय, मुहूर्त बघतोय. पठारावर बाकीच्या जमिनी होत आल्या. त्या एका ठिपक्यासाठी रस्ता अडला.

आणि एके दिवशी सकाळी बायको विश्रांतवाडीच्या ऑफिसात येऊन उभी. एकटी, पीएमटीनं, दोन बस बदलून. लग्नाची पैठणी नेसून आली होती. मी आतल्या खोलीत होतो. मला बाजूला सारून ती साहेबांसमोर बसली आणि मला जे सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं, एक शब्द कमी नाही, जास्त नाही.

साहेबांनी वकिलाला बोलावलं. वकील म्हणाला, "यात अडचण काय आहे? खरेदीखतात दोघांची नावं टाकू. रक्कम भावाच्या नावे, यांची संमती. उलट एक कागद वाचला."

साहेब माझ्याकडे वळला. "काका, मग इतके दिवस अडलं कुठे होतं?"

"कुठे नाही," मी म्हणालो.

"काकू, तुम्ही आधीच का नाही आलात?"

"बोलावलं नव्हतं," ती म्हणाली. पदर सावरला आणि मला म्हणाली, "येते. आमटी झाकून ठेवली आहे, लवकर या." मागच्या दारानं गेली, त्यामुळे तिला ते पातं दिसलं. थांबली. कावळ्यांना हुसकलं आणि पात्यावर पालथा हात ठेवून बघितला, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग निघून गेली.

तालुक्याच्या रजिस्टर कचेरीत बहीण-भाऊ एकाच बाकावर बसले होते, या टोकाला ती, त्या टोकाला तो. मध्ये तिसरं माणूस आरामात मावलं असतं, पण कोणी बसलं नाही. आधी त्यानं सही केली, मग तिनं. ती सही करायला वेळ लावते, अक्षर अक्षर काढते. कारकून कंटाळून खिडकीबाहेर बघत होता. बाहेर आल्यावर मेहुण्यानं साक्षीदारांना भजी आणि चहा सांगितला. मला हाक मारली, "दाजी, या." बायकोला मारली नाही. ती जीपमध्ये जाऊन बसली. मी भजी खाल्ली. गरम होती.

त्या दिवाळीला भाऊबीजेला तो आला नाही. तिनं ताट करून ठेवलं होतं. संध्याकाळ झाल्यावर ताटातलं निरांजन देवापुढे ठेवलं, सुपारी डब्यात टाकली आणि ताट घासून टाकलं. पुढच्या वर्षी ताट केलंच नाही. उन्हाळ्यात कोणी बोलावलं नाही.  घरात कोणी आजारी असलं की सगळी हळू चालतात, तसे आम्ही चालायचो, एवढंच.

मला मात्र पठारावर जावं लागायचं. पायाचे खड्डे, मोठ्या ट्रेलरला वळणं, तारांचे खांब. कुठे ना कुठे कोणीतरी अडवायचं आणि साहेब मला धाडायचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा ठरवलं होतं, सासुरवाडीचा उंबरा चढायचा नाही. पण दुपारी मेहुणा स्वतः साइटवर आला. "दाजी, जेवायला चला." जावई तो जावई. मुलगी तोडली तरी जावयाला गावातून उपाशी जाऊ देत नाहीत, गाव तोंडात शेण घालेल. भावजयीनं पाट मांडला, तांब्या भरून ठेवला, वाढलं. बायकोचं नाव कोणी काढलं नाही. पोरांनीही आत्या कशी आहे विचारलं नाही, त्यांना सांगून ठेवलेलं असणार. मी जेवलो.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "जेवलात कुठे?"

"तुझ्या माहेरी."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तीन-चार घड्या झाल्या.

"काय होतं?"

"भाकरी, आमटी, ताक."

"ताक होतं? मग म्हैस व्याली असणार. रेडी झाली का रेडा?"

"मी काय म्हैस बघायला गेलो होतो?"

"भाकरी कशी होती? कडा जाड होत्या का?"

मला आठवलं, होत्या. ती म्हणाली, "म्हणजे पोरगी थापायला लागली. भावजयीच्या कडा कागदासारख्या असतात."

मग ते ठरूनच गेलं. मी पठारावर जायचो, सासुरवाडीला जेवायचो, आणि आल्यावर ती मला एकेक घास विचारायची. तांदळाची भाकरी होती म्हटलं की पाहुणे येऊन गेले असणार. कालवणात तेल नव्हतं म्हटलं की हात आखडता चाललाय. वाढायला पोरगी आली नाही म्हटलं की तिला बघायला येऊन गेले, आता समोर येऊ देत नाहीत. बहुतेक सगळं खरं निघायचं. मी आधी कधी जेवताना ताटाकडे बघायचो नाही, पुढ्यात येईल ते गिळायचो. आता बघायला लागलो. घास तोंडात असतानाच मनात म्हणायचो, मीठ कमी, हे सांगायला हवं.

पंखा उभा राहिला. त्याच्या खाली सुपासारखा आवाज यायचा, कोणी तरी सावकाश पाखडतंय असा. पहिल्या वर्षी पाऊस ओढला तेव्हा गाव म्हणालं, पंख्यांनी ढग पळवले. दुसऱ्या वर्षी भरपूर पडला, तेव्हा कोणी काही म्हणालं नाही. बायको कधी बघायला आली नाही. एकदाच विचारलं, "फिरतो का?" म्हटलं, फिरतो. "झोळी बांधायचो ते झाड?" म्हटलं, रस्त्यात गेलं.

मग मेहुण्याच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका द्यायला तो विश्रांतवाडीला ऑफिसात आला. कसब्यात घरी नाही, ऑफिसात. पत्रिकेवर माझं नाव होतं. आत्याला बोलावणं नव्हतं. मी पत्रिका घरी नेऊन तिच्यापुढे ठेवली. तिनं चष्मा लावून सगळी वाचली, खालच्या लहान अक्षरातली नावंसुद्धा. म्हणाली, "जाऊन या. नवरीला माझ्याकडची एखादी साडी द्यायची का?" मग स्वतःच म्हणाली, "नको. परत करतील."

मी गेलो. पंगत बसली. मला मानाच्या पाटावर बसवलं, पाटाभोवती रांगोळी होती. पत्रावळीवर भात पडला, वरण पडलं, आणि मला काय झालं माहीत नाही. राग आला असंही नाही. हात पुढे जाईना. मी उठून उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "ज्या घरात माझ्या बायकोला पाट नाही, त्या घरात मी जेवणार नाही. आज नाही आणि कधीच नाही."

मला वाटलं, मांडव गप्प होईल. एका म्हाताऱ्यानं पलीकडून आवाज दिला, "आरं, जावई रुसला! घड्याळ द्या त्येला!" दुसरा म्हणाला, "आता काय घड्याळ? आता मोटरसायकल लागतीया." सगळी पंगत हसली. दोघं-तिघं मला ओढून खाली बसवायला लागले, जावयाला बसवतात तसे, गुदगुल्या करत. मी हात झटकला आणि जीपकडे निघालो. मागून सनईवाल्यानं मुद्दाम एक उडती चाल वाजवली. मेहुणा तेवढा हसत नव्हता. वाढपाची बादली हातात घेऊन उभा होता.

दिवस मावळायच्या आत घरी पोहोचलो. बायको वाट बघत होती, ते कळत होतं. चहा आधीच टाकला होता.

"काय काय केलं होतं?"

"मी जेवलो नाही. पंगतीतून उठून आलो. सगळ्यांसमोर सांगितलं, तुला पाट नाही तिथे मी जेवणार नाही."

मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिनं विचारलं,

"नवरीला साडी कोणत्या रंगाची होती?"

"लक्ष नव्हतं."

"पाठराखीण कोण गेली?"

"मी थांबलोच नाही म्हणतोय ना!"

"आता परत जेवायला जाणार नाही?"

"शब्द दिलाय."

तिनं चहाचं भांडं गॅसवरून उतरवून खाली आपटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडं आपटलेलं मी पहिल्यांदा बघितलं. "तुम्ही तिथे जेवत होतात तोवर मला तिथलं सगळं कळत होतं," ती म्हणाली. "म्हशीपासून कळत होतं. तेवढं एक दार उघडं होतं, ते तुम्ही माझ्या नावानं लावून आलात. माझ्यासाठी केलंत म्हणे! माझ्यासाठी काही करायचं तर जेवून यायचं होतं."

मी म्हटलं, मी शब्द मोडत नाही. ती म्हणाली, तुमचे शब्द तुम्हीच खा, पोट भरत असेल तर. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

पुढचं आधीच सांगून टाकतो. तिचा भाऊ आमच्या घरी पुन्हा कधी आला नाही. ती पठारावर गेली नाही. बापाच्या श्राद्धालाही नाही. मोडलं ते मोडलंच राहिलं. मी पंचवीस गावांतल्या बहिणींची माहेरं राखून दिली असं मी म्हणतो, आणि लोक मान हलवतात.

पण त्या आठवड्यात मी परत गेलो. साइटवर काही काम नव्हतं, रजा टाकून एसटीनं गेलो. आयुष्यात दिलेला शब्द मी तेवढा एकदा मोडला. दारात उभा राहिलो. भावजय अंगण झाडत होती. केरसुणी टाकून डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "रुसवा गेला का, दाजी?" हसली नाही. पाट मांडला. भाकरी, कुळथाचं पिठलं, कांदा. भाकरीच्या कडा पातळ होत्या. पोरगी सासरी गेली होती. मेहुणा रानातून आला, हातपाय धुतले आणि माझ्या शेजारी बसून जेवला.  मी निघालो तेव्हा आत गेला आणि कागदात काहीतरी बांधून आणलं.

"लग्नातला लाडू हाय. यष्टीत खावा," म्हणाला.

मी एसटीत खाल्ला नाही.

घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. पातळ कडा, पिठलं, कांदा, केरसुणी. ती ऐकत होती. मग पुडी दिली. कोणी दिली विचारलं, म्हटलं तुझ्या भावानं. कोणासाठी ते तो बोलला नव्हता, म्हणून मीही बोललो नाही.

तिनं कागद सोडला. बुंदीचा लाडू होता, प्रवासात जरा फुटलेला. एक कण जिभेवर ठेवला.

"डालडा आहे," ती म्हणाली.

आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या सगळा खाल्ला. मला विचारलंही नाही.